अवसेचे आकडे

रुचिका दारात आली तेव्हा गोदूबाई मोरीपाशी पाटावर बसून निवट्या साफ करत होती. मुठीत राख, पुढ्यात विळी, आणि परातीत त्या काळपट, डोळे वर आलेल्या निवट्या अजून वळवळत होत्या. रुचिका उंबऱ्यातच थांबली. तिच्या एका हातात काळे तीळ, तांदूळ आणि पांढऱ्या फुलांची पिशवी होती, दुसऱ्या हातात लॅपटॉपची बॅग. वडिलांच्या वर्षश्राद्धाला येणारी मुलगी मनाची बरीच तयारी करून येते, पण घरात मासळी दिसेल ही तयारी कोणी करत नाही.

"आई, हे काय चाललंय?"

"निवट्या गो. तुला आवडतात म्हनून सकालीच घेऊन ठेवल्या. पाय धू आन बस."

"अगं, आज दशमी ना? बाबांचं वर्षश्राद्ध आहे. भटजी कुठेत?"

गोदूबाईने मान वर केली. लेकीच्या हातातल्या फुलांकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे.

"दशमी हाय. पन ही कार्तिकातली. तुझा बापूस मार्गशीर्षात गेला. महिना हाय अजून."

"काल फोनवर मी म्हटलं होतं ना, दशमीला येते म्हणून?"

"म्हटलास. मी सांगितला, ये. लेकीला म्हायेरी यायला तिथी लागते काय?" आणि मग गोदूबाईला हसूच आलं. "बापाला महिनाभर आधीच जेवाय घालाय निघाली! डॉक्टरीन झाली, पन बाजारात गुरुवारची फळा मांडलीत का, ता तरी बघायचास. मार्गशीर्ष लागला असता तर भिवंडीच्या नाक्यावर केळीवाल्यानं तुला पुढं जाऊ दिला असता काय?"

रुचिका ओशाळून हसली. तिने मोबाइल काढून दाखवला. पंचांगाची ती साइट ती गेली दोन वर्षं वापरत होती. तिचे वडील केसरीनाथ पाटील मागच्या वर्षी नाताळच्या दिवशी गेले, मार्गशीर्ष वद्य दशमीला. तिने यंदाची तीच तिथी टाकली आणि साइटने चौदा नोव्हेंबर ही तारीख दिली. चाळीस दिवस म्हणजे जरा जास्तच अलीकडे येतंय, असं तिच्या मनात आलं होतं. पण तिथी मागेपुढे होते, तेव्हा असेल, असं म्हणून तिने रजा टाकली होती.

"ह्याच्यात दिलंय बघ. मार्गशीर्ष कृष्ण दशमी."

गोदूबाईने ओला हात लांब धरून पडद्याकडे पाहिलं. "हिंदीत हाय काय? मंग ता त्यांचा पंचांग. त्यांचा महिना पुनवेला सरतो, आपला अवसेला. पुनव झाली का त्यांच्यात पुढल्या महिन्याचा नाव लागतो. सावन नाय बघत? लूमवरची मानसा आन दापोड्याच्या गोदामातले हमाल आपल्या आधी पंधरा दिवस मासळी सोडतात. तवा आपल्याकडं मासळी सस्ती."

हे रुचिकाला माहीत होतं. ह्याच घरात ती चोवीस वर्षं वाढली होती. शाळेच्या वाटेवरच्या चाळीत सावनाची गाणी सुरू झाली की आपला श्रावण अजून पंधरा दिवस आहे, हे तिला लहानपणी पाढ्यासारखं पाठ होतं. माहीत असूनही ते वेळेवर आठवलं नव्हतं, एवढंच.

"म्हणजे पुनवेपर्यंत त्यांचं आणि आपलं एकच, आणि वद्य पक्षात त्यांचं नाव महिनाभर पुढे," ती हळू म्हणाली.

"पुनवेला कसला फरक? फरक अवसेला."

ती हातातली फुलं न ठेवताच ओटीच्या पायरीवर बसली. पुनवेला फरक नाही, अवसेला फरक. हे वाक्य तिने ह्याआधी ऐकलं होतं, वेगळ्या शब्दांत, वातानुकूलित खोलीत, आणि तेव्हा त्याचा अर्थ वेगळा लावला गेला होता.

रुचिका डॉक्टरेट मिळवून मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत काम करत होती. हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्र शोषून घेतो आणि त्याने पाणी वर्षागणिक थोडंथोडं आम्लाकडे झुकत जातं. किनाऱ्याजवळ आणि खाड्यांत हे किती आणि कसं होतंय, हे मोजायचा त्यांचा प्रकल्प होता. मोजायच्या पाच जागांपैकी एक भिवंडीच्या खाडीत, वळ गावच्या गोदामांमागून जाणाऱ्या बांधाच्या टोकाशी होती. तिथे महिन्यातून दोनदा, दुपारच्या भरतीला, पाण्याची आम्लता आणि खारटपणा मोजणारं माणूस हवं होतं. रुचिकाने आपल्या वडिलांचं नाव दिलं. केसरीनाथांनी उमेदीची तीस वर्षं त्याच बांधावरची उघाडी सांभाळली होती, म्हणजे भरतीचं खारं पाणी भातशेतात शिरू नये म्हणून पाडायची फळ्यांची झडप. शेतांवर गोदामं उभी राहिली, उघाडी गेली, पण खाडीचं पाणी कोणत्या घटकेला कुठवर चढेल हे ते अजूनही घरात बसून सांगत.

यंत्र शिकायला त्यांना एक दुपार पुरली. आधी पिवळ्या बाटलीतल्या पाण्यात नळी बुडवायची, मग निळ्या, आकडा जमला की मग खाडीत. "पानी आंबट होतं म्हंजे, चाखून कलला असता काय?" त्यांनी विचारलं होतं. चव लागण्याइतकं नाही, पण शिंपल्यांना कळतं, त्यांची कवचं नीट धरत नाहीत, असं तिने सांगितलं. त्यांनी नळी पुसून ठेवली. मग म्हणाले, "तरीच. खडकावरची कालवा फोडाय आता कोयती लागत नाय."

वहीत तारखेचा रकाना होता. केसरीनाथ त्यात तारीख लिहीत नसत. "भरती काय तुझी तारीख बघून येते? दुपारची भरती पुनवेला आन अवसेला. मी तसाच लिवनार." रुचिका म्हणाली होती, लिहा बाबा, तारखा मी लावून घेईन.

आणि तिने लावल्या होत्या. मागच्या वर्षी गणपतीला घरी आली तेव्हा वहीच्या पानांचे फोटो काढले आणि वीस तिथ्या एका बैठकीत ह्याच साइटवर टाकून वीस तारखा घेतल्या. आकडे संगणकात भरले, तारखेप्रमाणे लावून घेतले आणि पाठवले.

आठवड्याने बैठकीत तिचा सहकारी प्रितेश याने तो तक्ता पडद्यावर लावला. पौर्णिमेचे दहा आकडे इतर खाड्यांशी चोख जुळत होते. अमावस्येचे दहाही बिघडलेले. पाऊस सुरू व्हायच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात खाडी नदीसारखी गोडी दिसत होती. आणि तक्त्यातली पहिलीच नोंद तेरा नोव्हेंबरची होती. यंत्र पाटलांच्या हातात पडलं तेच वीस नोव्हेंबरला.

"काका भारी आहेत," प्रितेश म्हणाला होता. "पुनवेला खाडीवर, अवसेला खाटेवर! यंत्र मिळायच्या आधीसुद्धा मोजून मोकळे."

सगळे हसले. प्रकल्पप्रमुख क्षितिजा मॅडमसुद्धा ओठ दाबून हसल्या. तक्त्यावर नाव होतं 'के. बी. पाटील, स्थानिक निरीक्षक'. रुचिकाचं आडनाव लग्नानंतर भोईर झालेलं. हा माणूस आपला बाप आहे, हे तिने संस्थेत कोणालाच सांगितलं नव्हतं. वशिल्याचा बोभाटा नको, असं कारण तिने स्वतःला दिलं होतं. खरं कारण हे की एकदा क्षितिजा मॅडम पाहणीला येणार म्हणाल्या, तेव्हा बाबा बनियनवर बाहेर येतील, "हाय, नाय" करतील आणि मॅडमना गावातल्या बाईसारखं "बाय" म्हणतील, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं होतं आणि तिने ती भेट काहीतरी सांगून टाळली होती.

त्या बैठकीत तीही हसली होती.

तेव्हा ठरलं की एक आकडा खोटा तर बाकीचे खरे कशावरून, म्हणून भिवंडीच्या सगळ्याच नोंदी वगळायच्या. त्या वर्षीच्या अहवालात तळटीप आली: 'निरीक्षकाच्या नोंदी विश्वासार्ह नसल्याने या स्थानकाची आकडेवारी वगळली आहे.' आता येत्या सोमवारी पाच वर्षांचा एकत्रित अहवाल छपाईला जायचा होता, आणि त्यात तीच तळटीप, त्याच शब्दांत, पुन्हा होती. मसुदा रुचिकाच्याच लॅपटॉपमध्ये होता.

तिने तो उघडला. मग वहीच्या पानांचे फोटो उघडले. केसरीनाथांचं मोठं, उभट अक्षर. पहिली ओळ, कार्तिक पुनव. दुसरी ओळ, कार्तिक अवस. पुनव आधी, अवस नंतर, जशी ती आपल्याकडे येते तशी. तिने संगणकाला तारखा लावायला सांगितल्या आणि त्याने अवस उचलून पुनवेच्या वर ठेवली होती. वहीचं पान एकदा शेजारी धरलं असतं तरी कळलं असतं. तिने ते धरलं नव्हतं. बापावर संशय घ्यायला तिला एक तक्ता पुरला. तक्त्यावर संशय घ्यावा असं मात्र सुचलं नाही.

भिंतीला एकाच खिळ्यावर तीन वर्षांची कॅलेंडरं लटकत होती. ती उठली, खाली दबलेली दोन उलगडली आणि ज्येष्ठातली अवस पाहिली. पाच जुलै. तोवर पाऊस सुरू होऊन जवळजवळ महिना झालेला. त्या दिवशी खाडी गोडी असणारच. कार्तिकातली अवस, बारा डिसेंबर. एकेक करत तिने दहाही आकडे पुढच्या महिन्यात सरकवून पाहिले. दहाही आपापल्या जागी जाऊन बसले.

"काय झाला गो? तोंड का असा?" गोदूबाईने विचारलं.

"आई, मागच्या वर्षी मी बाबांना फोन केला होता. विसर्जनाच्या दिवसांत. तुला काही बोलले होते?"

विळीवरचा हात थांबला नाही. "बोलले."

फोनवर रुचिकाने एकच प्रश्न विचारला होता: बाबा, तुम्ही अवसेला खरंच जात होतात का? ते म्हणाले, "गेलो व्हतो." तिने पुढे काही विचारलं नाही आणि त्यांनी काही सांगितलं नाही. दिवाळीला ते स्वतः यंत्र आणि वही गोणपाटात गुंडाळून तिच्या ऐरोलीच्या घरी घेऊन आले, चहा घेतला आणि पाचच्या बसने परत गेले. ती त्यांची शेवटची भेट.

"त्या फोननंतर मला घेऊन जायचे," गोदूबाई म्हणाली. "तीन येला गेले मी. पुनवेला, अवसेला, मंग कोजागिरीच्या पुनवेला. भर उन्हात, त्या ट्रकांच्या धुरल्यातून. मी म्हटला, मला काय कलतं त्यातला? तर म्हनाले, कलाय नको, बघाय पायजे. साक्षीला. तू बघ आन सही कर."

रुचिकाने शेवटच्या पानाचा फोटो उघडला. तीन ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला ते वेडंवाकडं लिखाण. वही हातात आली तेव्हा फोटो काढतानाच तिने ते पाहिलं होतं. ते काय आहे हेही तिला तेव्हा कळलं होतं. आईची सही ती शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून ओळखत होती. आपला खोटेपणा झाकायला बाबांनी आता आईलाही ओढलं, असा अर्थ तिने लावला होता. ते पान तिने संस्थेत कोणाला दाखवलं नव्हतं. दाखवायची लाज वाटली होती.

"मला कधी बोलली नाहीस तू."

"त्यांनी सांगितला, पोरगी आपली आपन इचारंल. नाय इचारलास."

रुचिकाने फोन हातात घेतला. बाहेर, गोदामाच्या भिंतीपाशी, आवाज स्वच्छ येतो हे तिला ठाऊक होतं. ती दोन पावलं गेलीही. मग परत फिरली आणि आईपासून हातभर अंतरावर, त्याच पायरीवर बसली आणि तिने क्षितिजा मॅडमना फोन लावला.

"मॅडम, भिवंडीच्या नोंदींबद्दल बोलायचं होतं. तारखांमध्ये चूक झालीय. साइटचं पंचांग उत्तरेकडचं होतं, त्यामुळे..." ती थांबली. हे सगळं खरं होतं आणि एवढ्यावर भागलंही असतं. चूक साइटची, दुरुस्ती रुचिकाची. "चूक माझी आहे. तिथ्यांच्या तारखा मी लावल्या. सगळ्या अमावस्या एक महिना आधी गेल्या. मी मूळ वही बघितली असती तर लगेच दिसलं असतं, वही माझ्याकडेच होती. पाटलांच्या सगळ्या नोंदी बरोबर आहेत. तेवीसच्या तेवीस."

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. "बरं झालं सोमवारच्या आधी सांगितलंस. दुरुस्त तक्ता आणि वहीचे फोटो आज पाठव, मी स्वतः तपासते. पण रुचिका, ती तळटीप मागच्या वर्षी छापून गेलीय. त्या माणसाची माफी मागायला हवी, आणि ती मी मागायला हवी. त्यांचा नंबर दे."

"ते गेले, मॅडम."

"अरे. कधी?"

"मागच्या डिसेंबरमध्ये. ते माझे वडील होते."



"आम्ही सगळे आलो होतो तुझ्या घरी," मॅडम म्हणाल्या. "प्रितेशने हार आणला होता."

"हो."

"आणि त्या बैठकीत तू..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. ते तसंच राहू देता आलं असतं.

"हसले होते," रुचिका म्हणाली. "प्रितेश त्यांना बोलला तेव्हा मीपण हसले होते. काही न बोलता गप्प बसता आलं असतं. पण मी हसले."

"तक्ता पाठव," मॅडम म्हणाल्या, "सोमवारी बोलू."

फोन बंद झाला. विळीचा आवाज कधीच थांबला होता. रुचिकाने मान वर केली नाही. तिला समोर फक्त आईचे राखेने माखलेले हात दिसत होते.

"हसलीस?" गोदूबाईने विचारलं.

"हो."

"मोठ्यानं?"

"सगळ्यांसारखीच."

"त्यांना म्हायत व्हता ह्या?"

"नाही. बाबांना फक्त फोनचं माहीत होतं."

"बरा झाला," गोदूबाई म्हणाली. मग परात थोडी पुढे सरकवून, कोणाकडे न बघता, "मला पन म्हायत नसता तरी चालला असता."

चुकले, असं म्हणणं तिच्या ओठांपर्यंत आलं, पण तो शब्द तिने आत्ताच फोनवर वापरून टाकला होता आणि इथे तो हलका वाटला असता. गोदूबाई उठली, हात धुऊन आत गेली. चुलीजवळ भांडी हलली. ती परत यायला बराच वेळ लागला. तोवर रुचिकाने तेवीस ओळी कॅलेंडरवर बोट ठेवून पुन्हा लावल्या, जुनी तळटीप पुसली आणि नवी लिहिली.

गोदूबाई आली ती खांबाला टेकून उभी राहिली. "काय लिवलास? वाच."

"'मागील अहवालात भिवंडी स्थानकाच्या नोंदी अविश्वासार्ह म्हटल्या होत्या. ते चुकीचे होते. स्थानिक निरीक्षक के. बी. पाटील यांच्या सर्व नोंदी अचूक आहेत. तिथींचे तारखांत रूपांतर करताना झालेल्या चुकीमुळे...'"

"के. बी. कोन?"

"बाबाच."

"मंग पुरता लिव. केसरीनाथ बाळाराम पाटील. शिव्या घालताना आर्धा नाव चालला, आता नाय चालनार."

रुचिकाने लिहिलं.

"आन चूक झाली म्हंजे आपोआप झाली? कुनी केली?"

तिने तेही लिहिलं. रुचिका भोईर. संस्थेच्या कागदावर एका तळटिपेत बापाचं आणि तिचं नाव पहिल्यांदाच एकत्र आलं होतं आणि वाचणाऱ्या कोणालाही त्यांचं काही नातं असेल असं वाटलं नसतं. बोट काही क्षण तिथेच राहिलं. तिने परत मागे जाऊन आपल्या नावाच्या पुढे कंसात दोन शब्द घातले: निरीक्षकांची मुलगी. अहवालात असं लिहीत नाहीत. मॅडम ते काढतील, किंवा नाही काढणार.

"जे हसले ते वाचतील ह्या?"

"तळटीप कोणी फारसं वाचत नाही, आई."

"मंग तू वाचून दाखव. सोमवारी. सगली बसलेली असताना."

रुचिकाने होकारार्थी मान हलवली.

"बसून नको वाचू," गोदूबाई म्हणाली. "उभी राहा."